आधी पल्स मोजा, मग सेल निवडा: कमी शक्तीचा छोटा रेडिओ ट्रान्समीटर बनवण्याचा क्रम

बॅटरीवर चालणारे छोटे ट्रान्समीटर बनवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. टेबलावर सगळं नीट चालतं. सेलवर छापलेल्या एमएएचवरून (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमधला साठा) हिशेब केला तर दोन-तीन वर्षं निघायला हवीत. प्रत्यक्षात काही आठवड्यांत उपकरण गप्प होतं आणि सेल काढून मल्टिमीटर लावला तर २.९ व्होल्ट, म्हणजे जवळपास नव्या सेलइतके, दिसतात. मग संशय अँटेनावर जातो, कोडवर जातो, मॉड्यूल बदललं जातं. खरा दोष बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असतो: आधी मॉड्यूल घेतलं, मग डबीत मावेल तो सेल बसवला आणि करंट सगळ्यात शेवटी मोजला.

हा क्रम उलटा करा. ट्रान्समीटर पाठवत असतो त्या क्षणी, म्हणजे करंटच्या त्या छोट्या झटक्यात (पल्स), सेलच्या टोकांवर किती व्होल्टेज उरतं, यावर बाकीचं सगळं डिझाइन उभं राहतं. एमएएचचा आकडा त्यानंतर येतो.

उदाहरणासाठी एकच उपकरण धरू. तापमान मोजून कळवणारं छोटं उपकरण (नोड), एसएक्स१२७६ ही लोरा (कमी शक्तीत लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत) चिप, दर १० मिनिटांनी २० बाइटचा एक संदेश.

## १. कागदावरची तयारी

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा. संदेश किती बाइटचा आणि किती वेळाने जाणार? रिसीव्हर किती लांब आणि मध्ये भिंती किती? उपकरण जिथे राहणार तिथलं सर्वात कमी आणि सर्वात जास्त तापमान किती? सेल किती काळ टिकायला हवा? आणि तुमच्या देशात कोणता फ्रिक्वेन्सी पट्टा विनापरवाना वापरता येतो?

शेवटचा प्रश्न अनेकजण सोडून देतात. एका देशात खुला असलेला पट्टा दुसऱ्या देशात राखीव असू शकतो. शिवाय नियम फक्त पट्ट्याबद्दल नसतो. कमाल किती शक्ती चालेल आणि तासाभरात एकूण किती वेळ पाठवता येईल, यालाही बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते. शक्तीची मर्यादा अनेकदा अँटेनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीवर लावलेली असते, म्हणजे अँटेनाचा गेनही (एका दिशेला शक्ती एकवटण्याचं प्रमाण) हिशेबात धरावा लागतो. हे न पाहता मॉड्यूल मागवू नका.

## २. पल्सचा हिशेब

डेटाशीटनुसार (उत्पादकाचं माहितीपत्रक) एसएक्स१२७६ पाठवताना +७ डीबीएमला (डीबीएम हे पाठवण्याच्या शक्तीचं माप) सुमारे २० मिलिअँपिअर, +१३ डीबीएमला २९, +१७ ला ८७ आणि +२० ला १२० मिलिअँपिअर घेते. +१३ वरून +१७ वर जाताना करंट तिपटीने वाढतो. त्यामुळे अंतर कमी असेल तर +१३ वर थांबणं शहाणपणाचं.

आता वेळ. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला, नेहमीच्या सेटिंगमध्ये २० बाइटचा संदेश स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती हळू पाठवायचा ते ठरवणारी लोराची सेटिंग) ७ वर सुमारे ५७ मिलिसेकंद हवेत असतो. तोच संदेश फॅक्टर १२ वर १.३२ सेकंद घेतो. करंट तोच, पण खर्च तेवीस पट. पल्ला वाढवायला सरळ फॅक्टर १२ लावणारे सेलचं आयुष्य इथेच गमावतात. आधी अँटेना सुधारा, जागा बदलून पाहा, फॅक्टर सगळ्यात शेवटी वाढवा.

सरासरी अशी काढा:

- पाठवणं: २९ मिलिअँपिअर × ०.०५७ सेकंद = १.६५ मिलिअँपिअर-सेकंद
- जागं होऊन सेन्सर वाचणं: ५ मिलिअँपिअर × ०.१ सेकंद = ०.५
- बेरीज २.१५, भागिले ६०० सेकंद = सुमारे ३.६ मायक्रोअँपिअर
- झोपेतला करंट ५ मायक्रोअँपिअर धरला तर एकूण ८.६

२२० एमएएचचा सीआर२०३२ हा नाणे-सेल (नाण्यासारखा चपटा सेल) या हिशेबाने जवळपास तीन वर्षं चालतो. बहुतेकजण इथे थांबतात आणि नाणे-सेलचा होल्डर मागवतात. हा हिशेब सेलमध्ये साठा किती आहे एवढंच सांगतो. तो साठा २९ मिलिअँपिअरच्या दराने बाहेर येईल का, हे त्यात कुठेही नाही.

## ३. सेलचा अंतर्गत रोध मोजा

प्रत्येक सेलला स्वतःचा रोध असतो. नव्या सीआर२०३२ चा साधारण १० ते २० ओहम. सेल वापरला गेला की तो वाढतो, थंडीत आणखी वाढतो.

मोजायला १०० ओहमचा रेझिस्टर आणि मल्टिमीटर पुरे:

1. मोकळ्या सेलचं व्होल्टेज नोंदवा. समजा ३.०५ व्होल्ट.
2. १०० ओहमचा रेझिस्टर एक सेकंदभर टोकांवर लावा आणि त्याच वेळी व्होल्टेज वाचा. समजा २.६५.
3. त्या क्षणीचा करंट २.६५ ÷ १०० = २६.५ मिलिअँपिअर.
4. पडलेले ०.४ व्होल्ट भागिले ०.०२६५ = सुमारे १५ ओहम.

आता १५ ओहमला २९ मिलिअँपिअरने गुणा. ०.४४ व्होल्ट तिथेच गेले, म्हणजे ३ व्होल्टचा सेल पाठवताना २.५६ वर येतो. रेडिओ चिप १.८ व्होल्टपर्यंत चालते, तिला अडचण नाही. पण ३.३ व्होल्टच्या अनेक तयार मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर ब्राउन-आउट रीसेट (व्होल्टेज फार पडलं की आपोआप होणारा रीसेट) २.७ व्होल्टला लावलेला असतो. असा बोर्ड कोऱ्या सेलवरही पाठवता-पाठवता रीसेट होतो! यूएसबीवर तो छान चालत होता, कारण तिथे हा रोध नव्हता. अर्धा वापरलेला किंवा गारठलेला सेल ४० ओहमवर गेला तर घट १.१६ व्होल्टची होते आणि रेडिओही तळाला टेकतो. नंतर सेल बाहेर काढून मोजलात तर भार नसल्याने पुन्हा २.९ दिसतात.

कोणता सेल कुठे, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जागा असेल तर दोन एए अल्कलाइन घ्या. प्रत्येकीचा रोध ओहमच्या अंशात असतो, त्यामुळे २९ मिलिअँपिअरची घट जाणवतही नाही, आणि साठा नाणे-सेलच्या दहापट. कडाक्याच्या थंडीसाठी एए आकाराच्याच लिथियम-आयर्न डायसल्फाइड सेल घ्या, त्या उणे ४० अंशांपर्यंत काम करतात. मात्र त्या नव्या असताना मोकळ्या स्थितीत १.८ व्होल्टपर्यंत दाखवतात, म्हणजे दोन मिळून ३.६. तुमच्या चिपची कमाल मर्यादा आधी पाहा.

लिथियम-थायोनिल क्लोराइड सेल ३.६ व्होल्टचा असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण बराच काळ स्वस्थ राहिला की आत इलेक्ट्रोडवर थर जमतो आणि पहिल्या पल्सला व्होल्टेज घसरतं. तो वापरायचा तर सोबत योग्य कपॅसिटर हवाच. नाणे-सेल त्या रेडिओंना शोभतो जे १०-१५ मिलिअँपिअरच्या आत आणि मिलिसेकंदात काम उरकतात.

इशारा: यातल्या कोणत्याही प्राथमिक (पुन्हा चार्ज न होणाऱ्या) सेलला चार्जर लावू नका. जुनी आणि नवी सेल एकत्र घालू नका.

## ४. सेलपासून चिपपर्यंतचा रस्ता

रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक पातळीवर आणणारा भाग). दोन एए सेलवर बहुतेक वेळा त्याची गरजच नसते, सरळ जोडा. लिथियम पॉलिमर सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो, तिथे मात्र हवा. अनेक स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ असतो, आणि तो स्वतःच्या पोटासाठी सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. १००० एमएएचचा सेल एकही संदेश न पाठवता आठ-नऊ दिवसांत रिकामा होतो. त्याऐवजी एमसीपी१७०० सारखा घ्या, त्याचा स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँपिअर. फक्त त्याच्या २५० मिलिअँपिअर आउटपुट आणि ६ व्होल्ट इनपुटच्या मर्यादा लक्षात ठेवा.

नाणे-सेलच्या घटीवर उपाय म्हणून बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावण्याचा मोह होतो. ३.३ व्होल्टला ३० मिलिअँपिअर द्यायचे आणि सेल २.५ व्होल्टवर असेल, तर ९० टक्के कार्यक्षमतेलाही सेलमधून ४४ मिलिअँपिअर ओढले जातात. घट आणखी वाढते. दुखणं होतं तेच बळावतं.

कपॅसिटर. "मोठा कपॅसिटर लावा" हा सल्ला अर्धवट आहे. आकार काढायचं सूत्र सोपं: करंट × वेळ ÷ चालेल तेवढी घट.

- २.४ गिगाहर्ट्झचा एनआरएफ२४एल०१+ हा रेडिओ घ्या. ११.३ मिलिअँपिअर, सुमारे १ मिलिसेकंद, घट ०.१ व्होल्ट: ११३ मायक्रोफॅरॅड. इथे २२० चा कपॅसिटर उत्तम काम करतो.
- आपला लोरा नोड, फॅक्टर ७, घट ०.३ व्होल्ट: सुमारे ५,५०० मायक्रोफॅरॅड.
- तोच नोड, फॅक्टर १२: सुमारे ०.१३ फॅरॅड, म्हणजे सुपरकपॅसिटरच.

लोरा नोडवर १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावून फरक का पडत नाही, ते यावरून कळेल. पहिल्या मिलिसेकंदातच त्याचे ०.३ व्होल्ट संपतात, उरलेले ५६ मिलिसेकंद भार सेलवरच.

दोन गोष्टी जपा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून गळती होते, मोठ्या कपॅसिटरची गळती तुमच्या झोपेच्या करंटपेक्षा जास्त निघू शकते. लावण्याआधी मोजा. आणि छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर व्होल्टेज आलं की त्याची क्षमता घटते, २२ छापलेला प्रत्यक्षात निम्म्यावर येऊ शकतो.

उलटा बसवलेला सेल. त्यापासून बचावासाठी साधा डायोड लावला की त्याच्या वाट्याचे व्होल्ट कायमचे जातात. पी-चॅनेल मॉसफेट लावा, त्यावरची घट नगण्य असते. तो सुरू व्हायला लागणारं गेटचं व्होल्टेज (थ्रेशोल्ड) मात्र सेलच्या शेवटच्या व्होल्टेजला पुरेल इतकं कमी हवं.

तपासणी: आतापर्यंतच्या आकड्यांवरून, जुन्या आणि थंड सेलवर पाठवताना चिपला किती व्होल्ट मिळतील ते एका ओळीत लिहा. मायक्रोकंट्रोलर, रेडिओ आणि सेन्सर या तिघांच्या किमान मर्यादेपेक्षा तो आकडा वर नसेल, तर बोर्ड आखायला घेऊ नका.

## ५. बोर्ड आणि अँटेना

पाव तरंगलांबीच्या तारेची लांबी मिलिमीटरमध्ये हवी तर ७५,००० ला मेगाहर्ट्झने भागा. ४३३.९२ ला १७३ मिलिमीटर, ८६८ ला ८६. प्रत्यक्षात तार थोडी आखूड लागते, पण सुरुवातीला लांबच ठेवा आणि मोजत-मोजत कापा. कापलेली तार परत वाढत नाही.

या तारेला दुसरी बाजू लागते, ती म्हणजे बोर्डाचं ग्राउंड. बोर्ड फार छोटा असेल तर सेलच्या तारा ग्राउंडचं काम करू लागतात आणि त्या हलवल्या की पल्ला बदलतो. ग्राउंड अखंड ठेवा. सेल आणि त्याच्या तारा अँटेनाच्या विरुद्ध टोकाला न्या. नाणे-सेल असो की पॉलिमर पाउच, रेडिओच्या दृष्टीने तो धातूचा तुकडाच. बोर्डावर छापलेली किंवा चिप अँटेना असेल तर तिच्याखाली आणि भोवती डेटाशीटमध्ये दाखवलेली जागा तांब्यापासून पूर्ण मोकळी सोडा.

रेडिओपासून अँटेनापर्यंतची वाट शक्य तितकी छोटी असावी. १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन थरी एफआर४ बोर्डावर ५० ओहमसाठी साधी मायक्रोस्ट्रिप (ग्राउंडवरून जाणारी तांब्याची पट्टी) साधारण ३ मिलिमीटर रुंद लागते. वाटेत π (पाय) या ग्रीक अक्षराच्या आकाराच्या मॅचिंगसाठी (अँटेना रेडिओशी जुळवण्यासाठी) तीन पॅड ठेवा: मधल्यात शून्य ओहम, दोन्ही बाजूंचे रिकामे. नंतर जुळणी करावी लागली तर बोर्ड नव्याने बनवावा लागत नाही.

१०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर चिपच्या पायाला अगदी लागून हवा. मोठा कपॅसिटर रेडिओजवळ ठेवा, सेलजवळ नको.

इशारा: अँटेना मोजायची ती डबी बंद करून, सेल आत घालून. उघड्या बोर्डावर जुळवलेली अँटेना झाकण लावताच सरकते.

## ६. पहिल्यांदा वीज देताना

इथे घाई नडते. क्रम असा ठेवा:

1. सेल लावू नका. आधी पॉवर आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना, ते पाहा.
2. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषणारा रेझिस्टर) लावा. काहीच न लावता पूर्ण शक्तीने पाठवलं तर परतणाऱ्या शक्तीने आउटपुटची पायरी खराब होऊ शकते.
3. बेंच सप्लाय ३ व्होल्टवर, करंट मर्यादा ५० मिलिअँपिअर.
4. आधी सर्वात कमी शक्तीवर पाठवा. करंट डेटाशीटच्या आसपास आला तरच +१३ वर जा.
5. आता सप्लायच्या मालिकेत १५ ओहमचा रेझिस्टर घाला आणि पुन्हा पाठवा. मग ३३, मग ४७.

पाचवी पायरी या लेखातली सगळ्यात उपयोगाची. सेल म्हातारा झाल्यावर काय होणार, ते महिनोन्‌महिने न थांबता टेबलावरच दिसतं. ३३ ओहमला २९ मिलिअँपिअरने ०.९६ व्होल्ट पडतात, चिपला २.०४ मिळतात. ४७ ओहमला १.६४ उरतात आणि संदेश तुटायला हवा. ऑसिलोस्कोपचा प्रोब चिपच्या पॉवर पायावर ठेवून खळगा किती खोल जातो ते पाहा. तो हिशेबापेक्षा खोल असेल तर वाटेत कुठेतरी आणखी रोध आहे, बहुधा होल्डरच्या स्प्रिंगमध्ये किंवा बारीक ट्रॅकमध्ये.

याच वेळी एक भयंकर चूक पकडता येते. व्होल्टेज पडलं, बोर्ड रीसेट झाला, सुरू होताच त्याने पुन्हा पाठवलं, पुन्हा रीसेट. या फेऱ्यात उरलेला सेल भराभर संपतो. कोडमध्ये सुरुवातीलाच रीसेटचं कारण वाचा. ब्राउन-आउट असेल तर लगेच पाठवू नका, लांब झोप घ्या आणि पुढच्या वेळी शक्ती कमी करा.

## ७. झोपेतला करंट

साधा मल्टिमीटर मायक्रोअँपिअर रेंजवर मालिकेत लावला की त्याचा स्वतःचा रोध आड येतो. तो १०० ओहमच्या आसपास असला तरी २९ मिलिअँपिअरला २.९ व्होल्ट पडतात आणि बोर्ड सुरूच होत नाही. म्हणून मीटरच्या दोन्ही टोकांना जोडणारी तार लावा. बोर्ड सुरू होऊ द्या, संदेश जाऊ द्या, तो झोपला की तार काढा आणि वाचा. पुढचा संदेश जायच्या आत तार परत लावा.

आकडा जास्त आला तर या क्रमाने शोधा:

- पॉवर एलईडी. काढून टाका.
- बॅटरी मोजायला लावलेले दोन रेझिस्टर. १०० किलो-ओहमची जोडी ३.७ व्होल्टला १८ मायक्रोअँपिअर कायम पिते. सेल सरळ जोडलेला असेल तर अनेक मायक्रोकंट्रोलर आतल्या संदर्भ व्होल्टेजवरून स्वतःचाच पुरवठा मोजू शकतात, मग ही जोडी लागतच नाही.
- यूएसबी-सिरियल चिप.
- स्टँडबायमध्ये राहिलेला रेडिओ. एसएक्स१२७६ स्टँडबायला सुमारे १.६ मिलिअँपिअर घेते आणि स्लीपमध्ये ०.२ मायक्रोअँपिअर. कोडमधली एक ओळ राहिली की सगळा हिशेब कोसळतो.
- अधांतरी सोडलेले इनपुट पाय.
- वीज तोडलेल्या सेन्सरला डेटा तारांमधून मिळणारी चोरटी वीज. सेन्सर बंद करताना त्याच्या डेटा पायांनाही खाली आणा.

## ८. चार्ज होणारा सेल हाताळताना

पॉलिमर सेल आणि टीपी४०५६ चं चार्जर मॉड्यूल ही जोडी सर्रास दिसते, आणि सगळ्यात धोकादायक चूकही इथेच होते. मॉड्यूलवर १.२ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो आणि त्याने चार्जिंग करंट १ अँपिअर होतो. छोट्या ट्रान्समीटरसाठी घेतलेला १५० एमएएचचा सेल एवढा करंट सोसू शकत नाही. तो फुगतो, पेटूही शकतो. रेझिस्टर बदलून १० किलो-ओहम करा, करंट सुमारे १३० मिलिअँपिअरवर येतो. सेलच्या डेटाशीटमध्ये याहून कमी सांगितलं असेल तर ते पाळा.

शून्य अंशांखाली लिथियम-आयन सेल चार्ज करू नका. आत धातुरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. टीपी४०५६ ला तापमान पाहणारा पाय आहे, पण तयार मॉड्यूलवर तो बहुधा ग्राउंडला जोडून निकामी केलेला असतो. सौर पॅनेलवर चालणाऱ्या उपकरणात थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा भाग) लावून तो वापरात आणा.

संरक्षण सर्किटवर विसंबू नका. डीडब्ल्यू०१ए ही संरक्षण चिप सेल तोडते ती २.४ व्होल्टला, हा शेवटचा आडोसा आहे. कोडमध्येच ३.३ व्होल्टला पाठवणं थांबवा. दीर्घकाळ २ व्होल्टखाली पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. साठवताना सेल साधारण अर्धा भरलेला, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

कनेक्टरची लाल-काळी तार डोळ्यांनी पाहून खात्री करू नका. एकसारख्या दिसणाऱ्या कनेक्टरमध्ये ध्रुव उलटे येतात, प्रत्येक नवा सेल मीटरने तपासा. सेल जोडलेला असताना बोर्डावर सोल्डर करू नका. नाणे-सेलवर थेट सोल्डर कधीच नको, टॅब लावलेला सेल घ्या. लहान मूल असलेल्या जागी नाणे-सेलचं झाकण स्क्रूचंच हवं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं, त्यामुळे संशय आला तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.

वापरलेल्या सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा संकलनात द्या.

## ९. जागेवर बसवण्यापूर्वी

झाकण लावा आणि उपकरण अपेक्षित सर्वात कमी तापमानात रात्रभर ठेवा. प्राथमिक सेल असेल तर फ्रीझर चालतो. दव धरू नये म्हणून हवाबंद पिशवीत ठेवा आणि बाहेर काढल्यावर सामान्य तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. रिसीव्हर फ्रीझरच्या जवळ ठेवा, धातूच्या कपाटातून पल्ला घटतोच.

प्रत्येक संदेशात बॅटरीचं व्होल्टेज पाठवा, पण ते मागच्या प्रसारणाच्या शेवटच्या क्षणी मोजलेलं असू द्या. मोकळं व्होल्टेज सीआर२०३२ किंवा थायोनिल सेलवर शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि काहीच सांगत नाही. भाराखालचं व्होल्टेज आधीपासून उतरू लागतं. ते तुमच्या सर्वात नाजूक भागाच्या किमान मर्यादेपेक्षा ०.२ व्होल्ट वर असतानाच सेल बदलायची सूचना लावा. बदलताना जुन्या सेलचा रोध पुन्हा १०० ओहमने मोजा आणि झाकणाच्या आत तारखेसह लिहून ठेवा.